सात-सात-सातला तिचा नकार

तिला आमच्या रक्तपेढीत आणून बसवलं त्या दिवशी आमचा मोठा फ्रीज बंद पडला होता. त्यामुळे तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. हेडक्लार्क तिला कोपराला धरून घेऊन आले, खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलाशी उभं केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "टेलिफोनचा बोर्ड बंद झाला ना. आता हिला कुठेतरी ठेवायचीय. तुमच्याकडे जागा आहे."

ते हळू बोलले होते. पण बावीस वर्षं हॉस्पिटलचे फोन जोडणाऱ्या बाईसमोर हळू बोलून काय उपयोग?

"ठेवायचीच असेल तर कपाटात ठेवा," ती म्हणाली. "काम देणार असाल तर इथे बसते."

हेडक्लार्क माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि निघून गेले. मी फ्रीजमधल्या पिशव्या दुसरीकडे हलवत होते, म्हणून तिला म्हटलं, जरा थांबा. तर ती थांबली नाही. टेबलावर हात फिरवून खुर्ची शोधली, टेलिफोन शोधला, रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि म्हणाली, "खरखर आहे ह्यात. वायर सैल असणार." आणि खाली वाकून ती वायर घट्ट केली.

हॉस्पिटलात तिला सगळे एक्स्चेंज म्हणत. तिच्या तोंडावरही. ती चार वर्षांची असताना तिची दृष्टी गेली होती, आणि त्याबद्दल ती ज्या सुरात सांगायची त्यात दुःख शोधून सापडलं नसतं. साडेचारशे अंतर्गत नंबर तिला तोंडपाठ होते. मग नवी यंत्रणा आली, प्रत्येकाचा नंबर थेट झाला आणि बोर्डाची खोली झाडूपोछ्याचं सामान ठेवायला गेली.

मी तिथे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. माझ्या आणि तिच्या टेबलामध्ये एक काचेचं अर्धं पार्टिशन. तिला काम काय द्यायचं हे दोन आठवडे कुणाला सुचेना. शेवटी तीच आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे, म्हणजे रक्तपेढीच्या प्रमुखांकडे गेली आणि म्हणाली, "रक्तदात्यांना फोन करायला तुमच्याकडे कुणी नाही. मला यादी द्या."

"यादी कॉम्प्युटरवर असते बाई," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मग कॉम्प्युटर द्या."

कॉम्प्युटर मिळाला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम तिने स्वतःच त्यावर चढवला. तो आवाज ती एवढ्या वेगाने लावायची की आम्हाला नुसती चिमण्यांची चिवचिव ऐकू यायची. एका कानात तो आवाज, दुसरा कान आमच्यासाठी मोकळा. मी कुठल्या नळीवर काय पुटपुटले हेही तिला कळायचं, आणि संध्याकाळी निघताना ती त्यावर टोमणा मारायची.

आता ती यादी कशी होती हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरूनच झालं. दात्यांची नावं, नंबर, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं, आणि प्रत्येक वेळच्या तपासण्यांचे निकाल, असं सगळं हॉस्पिटलच्या सर्व्हरवर एका डेटाबेसमध्ये होतं. ते उघडायचं ब्राउझरमधून, एका टूलमधून. डाव्या बाजूला तक्त्यांची नावं, मधोमध नोंदी. दर आठवड्याला शिबिरातून नव्या नोंदींची फाइल यायची. ती फाइल निवडायची, बटण दाबायचं. टूल ती आधी आपल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवून घेणार आणि तिथून तक्त्यात भरणार. चहाचं पातेलं ओट्यावर टेकवून मग कपात ओतावं, तसं.

एक दिवस तिने एका निगेटिव्ह गटाच्या दात्याला फोन लावला. पलीकडचा माणूस असा कडाडला की मला पार्टिशनच्या अलीकडे ऐकू आलं. "एकोणीस दिवसांपूर्वी दिलंय मी रक्त! तुमच्याच शिबिरात! माणसाला काय नळ समजता का, सोडला की वाहतोय?"

तिने माफी मागितली, फोन ठेवला आणि त्याची नोंद पुन्हा ऐकली. यादीत त्याचं शेवटचं रक्तदान सात महिन्यांपूर्वीचं होतं. शिबिराची फाइल भरलीच गेली नव्हती. एक नाही, पाच आठवड्यांच्या फायली भरल्या गेल्या नव्हत्या.

त्या माणसाने लेखी तक्रार केली. मोठ्या डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार उघडंच होतं. डॉक्टर म्हणाले, "असा आंधळा कारभार चालणार नाही इथे." म्हणून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. बाहेर आम्ही सगळे आपापल्या कामात एकदम गढून गेलो.

"आंधळी मी आहे सर," ती शांतपणे म्हणाली, "कारभार नाही. यादी शिळी आहे, आणि शिळ्या यादीवरून बरोबर फोन कसा लावायचा ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर शिकवा."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पण त्यांना उलट बोललेलं खपत नसे. "कंपनीच्या माणसाला बोलावतो," एवढंच ते म्हणाले.

सर्व्हर सांभाळायचं कंत्राट एका बाहेरच्या कंपनीकडे होतं. त्या कंपनीचा जो माणूस यायचा त्याला आम्ही 'होऊन जाईल' म्हणायचो, कारण कशालाही त्याचं तेच उत्तर. स्वभावाने गोड. येताना सगळ्यांची चौकशी करणार, जाताना निम्मं काम ठेवून जाणार. तो आला, तिच्याच कॉम्प्युटरवरून सर्व्हरमध्ये शिरला, ओठांतल्या ओठांत "सात, सात, सात, झालं" म्हणाला आणि उठला. फायली भरल्या गेल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा अडकल्या. त्याला फोन केला. "होऊन जाईल." आला गुरुवारी. सात, सात, सात. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला तिने त्याला विचारलं, "हे सात सात सात म्हणजे काय हो?"

"ते तांत्रिक आहे मावशी. तुम्हाला नाही कळणार."

मावशी! तो तिच्याहून फार तर आठ वर्षांनी लहान असेल. पुढच्या सोमवारी फायली पुन्हा अडकल्या तशी तिने टूलचं पान वरपासून खालपर्यंत ऐकलं. मग मला हाक मारली.

"इकडे ये. ह्या पानाच्या अगदी तळाशी काय दिसतं तुला?"

मी वाकून पाहिलं. "एक पिवळी पट्टी आहे."

"काय लिहिलंय?"

मी वाचलं. तात्पुरत्या फोल्डरपर्यंत पोचता येत नाही, म्हणून टूलला आपल्या गोष्टी साठवता येत नाहीत आणि ते हळू चालेल, असा काहीसा इंग्रजी मजकूर होता.

"ही पट्टी कधीपासून आहे?"

मीही ते टूल रोज उघडत होते. ती पट्टी मी दोन महिने तरी पाहिली असेल, आणि भिंतीवरची ओल बघावी तशी पाहिली होती. तिचा प्रोग्राम मात्र पान उघडलं की वरपासून खालपर्यंत सगळं वाचायचा, पट्टीसकट, दिवसातून वीस वेळा. आम्हा डोळसांना कानाडोळा करायची सोय असते. तिला ती नव्हती.

"म्हणजे रोग कुठे आहे ते हे टूल रोज ओरडून सांगतंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही सगळे डोळे उघडे ठेवून बसलाय."

त्या दिवसापासून तिने ध्यास घेतला. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायची आणि कानातून त्या टूलची माहितीपत्रकं ऐकायची. बसमध्येही तेच. घरी नवऱ्याचा एक जुना कॉम्प्युटर पडून होता. नवरा बेकरीत कामाला, पहाटे चारला जायचा आणि दुपारी येऊन झोपायचा, त्याला कॉम्प्युटरशी देणंघेणं नव्हतं. त्यावर तिने तेच टूल बसवलं, फुकट मिळतंच ते, आणि मुद्दाम मोडलं. तात्पुरत्या फोल्डरचा मालक बदलून बघितला, पिवळी पट्टी आणली, घालवली, पुन्हा आणली.

तिच्या सासूबाई छापखान्यात तीस वर्षं प्रूफं तपासलेल्या. तोंडाने फटकळ. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्या भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "बघा हो. स्वतःच मोडते, स्वतःच जोडते, आणि जोडलं की टाळ्या पिटते. आमच्या घरातला गॅसचा लायटर महिना झाला चालत नाही, तो नाही हिला दिसत."

"आई, दिसत नाही हे खरंच आहे," ती आतून म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या. मला हसावं की नाही कळेना.

पंधरवड्याने तिने मला सगळं समजावलं. माझ्यासारख्या ढ बाईला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल. प्रत्येक फोल्डरला तीन आकडे असतात. पहिला मालकाचा, दुसरा मालकाच्या गटाचा, तिसरा बाकीच्या सगळ्यांचा. सात म्हणजे आत जा, वाचा, लिहा, पुसा, सगळी मुभा. शून्य म्हणजे काहीच नाही. टूल चालवणारी वेब सर्व्हिस सर्व्हरवर स्वतःच्या वेगळ्या नावाने वावरते. आमच्याकडे तात्पुरत्या फोल्डरचा मालक होता अ‍ॅडमिन, म्हणजे सर्व्हरचं मुख्य खातं, म्हणून वेब सर्व्हिसला त्यात काही ठेवता येत नव्हतं. 'होऊन जाईल' काय करायचा? मालक बदलण्याऐवजी तिन्ही आकडे सात करून टाकायचा. या, बसा, सगळे या.

"मग काय बिघडलं?" मी विचारलं. "चालतंय ना?"

"त्या सर्व्हरवर आपण एकटे आहोत का?" तिने विचारलं. "कँटीनचे टोकन त्याच्यावर आहेत. पार्किंगचं आहे. बाहेरच्या दोन कंपन्यांची खाती आहेत. शिबिराची फाइल त्या फोल्डरमध्ये उतरते ना, त्यात कुणाला कसला संसर्ग निघाला तेही असतं. सात सात सात म्हणजे ते पार्किंगवाल्यालाही वाचता येणार. पुसताही येणार."

मी हातातली नळी खाली ठेवली. त्या निकालांवर माझी सही असते.

तिने अर्ज लिहिला. फोल्डर सगळ्यांना मोकळं करू नये, वेब सर्व्हिसला मालक करावं आणि फक्त तिलाच मुभा द्यावी, असा. अर्जाला उत्तर नाही. दुसरा लिहिला. हेडक्लार्क म्हणाले, "बाई, कंपनीचे लोक शिकलेले आहेत. आपण आपलं काम करावं." पुढच्या आठवड्यात 'होऊन जाईल' येऊन पुन्हा सात सात सात करून गेला. मग शिबिराची फाइल आली आणि तिने हात मांडीवर ठेवले.

"मी ही भरणार नाही," ती म्हणाली.

"का?" हेडक्लार्कनी विचारलं.

"लोकांनी विश्वासाने रक्त दिलंय. त्यांचे निकाल मी रस्त्यावर मांडणार नाही. फोल्डर बाकीच्यांना बंद करा, पाच मिनिटांत भरते."

"हा कामाला नकार झाला."

"झाला. तसंच लिहा. फक्त कशाला नकार तेही लिहा."

दोन दिवसांनी तिला मेमो मिळाला. कामात हेतुपुरस्सर अडथळा, तांत्रिक बाबींत अधिकाराबाहेर ढवळाढवळ, अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा. मी तो तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, "हेतुपुरस्सर असं लिहिलंय ना? बरोबर लिहिलंय. अगदी हेतू होता माझा."

खुलासा तिने घरी टाइप केला. सासूबाईंनी तपासला. दुसऱ्या दिवशी ती सांगत होती, "आईंनी तीन ठिकाणी 'कृपया' काढलं. म्हणाल्या, एवढं कृपया कशाला, तू काय लग्नाची पत्रिका लिहितेस? आणि शेवटी मी 'क्षमस्व' लिहिलं होतं, तिथे विचारलं, हे कशाबद्दल? मला सांगता येईना, म्हणून तेही गेलं."

उरलं ते एक पान. त्यात लिहिलं होतं: बिघाड दर सोमवारीच का होतो? कारण कंपनी दर रविवारी टूलची नवी प्रत जुन्यावर आपोआप चढवते, आणि आतलं तात्पुरतं फोल्डर नव्याने बनतं, बाकी सगळ्यांना बंद, आणि त्याचा मालक अ‍ॅडमिन होतो. हे कंपनीच्याच नोंदवहीत आहे, ती कुणीही वाचावी. उपाय असा की तात्पुरतं फोल्डर टूलच्या बाहेर करावं, म्हणजे रविवारी त्याला कुणी हात लावणार नाही. ते फक्त वेब सर्व्हिसच्या मालकीचं करावं, आकडे सात, शून्य, शून्य. आणि टूलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नव्या जागेचा पत्ता लिहावा. वीस मिनिटांचं काम. मला करू दिलं नाही तरी चालेल, पण कुणीतरी करा. तोवर माझा नकार कायम.

मोठ्या डॉक्टरांनी तो खुलासा वाचला आणि आत ठेवून दिला असता. पण त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी वॉर्डातून दुर्मीळ गटाच्या दोन पिशव्यांची मागणी आली, दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेसाठी. कोणाला बोलवायचं ते यादीवरून कळेना, कारण गेल्या शिबिरातले दाते यादीत नव्हते, आणि रविवारपासून टूल पुन्हा अडकल्याने फाइल कुणालाच भरता येत नव्हती. 'होऊन जाईल' परगावी होता. फोनवर म्हणाला, गुरुवारी होऊन जाईल.

डॉक्टर तिच्या टेबलाशी आले. हातात तिचाच कागद होता.

"वीस मिनिटं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"करून दाखवा. नाही झालं तर मेमोच्या पुढची पायरी मी घेईन, हे लक्षात ठेवा."

"आणि झालं तर मेमो मागे घ्याल?"

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. ती उठली. "चला. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्या कपाटातल्या सीलबंद पाकिटात आहे. ते घ्या. आणि तुम्हीही चला, कारण तो पासवर्ड फक्त सर्व्हरच्या खोलीत चालतो आणि तिथे माझा वाचणारा प्रोग्राम नाही. तिथलं तुम्ही वाचायचं."

"मी?"

"पाकीट तुमचं, जबाबदारी तुमची, मग डोळेही तुमचेच बरे."

जाताना तिने मला तिच्या खुर्चीत बसवलं, टूलचं पान उघडं ठेवलं आणि सर्व्हरच्या खोलीचा अंतर्गत फोन लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला. "ठेवू नकोस. मी सांगेन तेव्हा पान पुन्हा उघड आणि पट्टी आहे का ते सांग." त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. पंख्याची घरघर, कळफलकाची खटखट आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांचा शाळेत धडा वाचल्यासारखा आवाज.

"मालक कोण लिहिलंय?"

"अ‍ॅडमिन."

"पुढचे आकडे वाचू नका, अक्षरं वाचा. एकेक."

डॉक्टरांनी वाचली. "हे काय आहे?"

"सात शून्य शून्य. अक्षरांत लिहिलं की असं दिसतं. रविवारच्या प्रतीने पुन्हा बंद केलंय, फक्त मालकाला मुभा. आता वेब सर्व्हिस कोणत्या नावाने चालते ते विचारते. काय आलं?"

डॉक्टरांनी नाव वाचलं. ती म्हणाली, पुन्हा. त्यांनी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, मध्ये आडवी रेघ आहे का? ते म्हणाले, आहे, बारीक. "बारीक असली तरी वाचायची सर." मला रिसीव्हरवर हात ठेवून हसावं लागलं.

तिने नवं फोल्डर केलं, टूलच्या बाहेर. मालक बदलला. आकडे दिले: सात, शून्य, शून्य. डॉक्टरांनी अक्षरं वाचून खात्री दिली. मग सेटिंगची फाइल उघडून नव्या जागेचा पत्ता लिहिला.

"आता उघड," ती मला म्हणाली.

मी पान पुन्हा उघडलं. पट्टी नव्हती. पट्टीच काय, काहीच नव्हतं. पांढरं पान.

"कोरं आलंय गं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ते ऐकलं. "मोडलंत ना! होतं ते निदान उघडत तरी होतं. आता कुणाला बोलावू मी? उद्या ऑपरेशन आहे!" ते बरंच बोलले. मी इकडे पान पुन्हा पुन्हा उघडत होते आणि ते पुन्हा पुन्हा कोरं येत होतं. तिने त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"संपलं?" तिने विचारलं. "आता मी लिहिलेली ओळ वाचा. एकही खूण सोडायची नाही. टिंब, तिरपी रेघ, सगळं."

डॉक्टर वाचायला लागले. आवाजात राग होताच. मध्ये ते म्हणाले, "अवतरण चिन्ह."

"एकेरी की दुहेरी?"

"एकेरी."

"पुढे."

त्यांनी पत्ता वाचला, तिरप्या रेघांसकट. "आणि मग अर्धविराम."

"अर्धविरामाच्या आधी दुसरं अवतरण चिन्ह?"

"नाही."



"उघडलं आणि मिटलंच नाही मी," ती म्हणाली. "माझी चूक. घरी आईंनी पकडली असती." एक कळ वाजली. "उघड गं पान."

पान आलं. डावीकडे तक्त्यांची नावं, मध्ये नोंदी. मी खालपर्यंत गेले. पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले.

"पट्टी नाही," मी म्हटलं. नको तेवढ्या मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

ती परत आली, मला उठवलं, फाइल निवडली आणि भरली. दोन मिनिटांत यादी ताजी झाली. मग तिने फोन हातात घेतला. तिसऱ्या दात्याने होकार दिला, पाचव्यानेही. पहिला तासाभरात आला, दुसरा ऑफिस सुटल्यावर. दोघांचं रक्त मीच काढलं.

खरी परीक्षा सोमवारी होती. ती त्या दिवशी अर्धा तास आधी आली. मी आले तेव्हा चिवचिव चालू होती. "रविवारी नवी प्रत चढली," ती म्हणाली. "आणि पट्टी नाही." एवढंच. मग तिने पहिला नंबर फिरवला.

ह्यानंतर सगळं गोडगोड झालं असतं तर मी हे सांगायलाही बसले नसते. 'होऊन जाईल'च्या कंपनीला मिरच्या झोंबल्या. अनधिकृत व्यक्तीने सर्व्हरला हात लावला, अशी त्यांनी लेखी तक्रार केली. चौकशी बसली. तीन माणसं, एक टेबल आणि समोर ही. त्यातल्या एकाने सहानुभूतीने विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली, न दिसता एवढं मोठं काम करायला?"

"भीती वाटली," ती म्हणाली. "सात सात सात बघून. तुम्हाला कशी नाही वाटली?"

चौकशीला मोठे डॉक्टर साक्षीला होते. त्यांनी सरळ सांगितलं, पाकीट मी उघडलं, ओळी मी वाचल्या, कारवाई करायची तर माझ्यावर करा. हे त्यांचं मी कधी विसरणार नाही. त्यावर चौकशी गुंडाळली गेली. अहवालात एक वाक्य आलं की, रुग्णालयाच्या सर्व्हरवर कुठलंही फोल्डर सर्वांना खुलं ठेवू नये. कुणाच्या सांगण्यावरून, ते अहवालात नाही.

मग वार्षिक कार्यक्रमात तिला प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं. हेडक्लार्कनी मजकूर वाचून दाखवला: 'दृष्टिहीन असूनही'. तिने तिथेच थांबवलं.

"असूनही नाही. काढा."

"अहो, कौतुक आहे ते."

"कौतुक कामाचं करा. 'तात्पुरत्या फोल्डरची परवानगी दुरुस्त केली' असं लिहा. आणि आधी मेमो मागे घ्या. एका हाताने मेमो आणि दुसऱ्या हाताने शाल-नारळ, हे मला जमणार नाही."

मजकूर बदलायला वरची मंजुरी लागते, असं ते म्हणाले. ती कार्यक्रमाला गेलीच नाही. त्या वेळात तिने एकतीस दात्यांना फोन केले, मला आकडा सांगितला. मेमो अजून तिच्या फायलीत आहे. दर सहा महिन्यांनी ती तो मागे घेण्याचा अर्ज देते, हेडक्लार्क पोच देतात, आणि पोच ती डब्याच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवते. पगाराच्या पत्रकावर तिचं पद अजून 'टेलिफोन ऑपरेटर, अतिरिक्त' असं आहे. मोठ्या डॉक्टरांनी मात्र पासवर्डाचं नवं पाकीट केलं तेव्हा त्याची दुसरी प्रत तिला दिली, तिच्या लिपीत ठिपक्यांनी टोचून. ते टोचायचं कामही तिनेच केलं, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

सध्या वेगळंच चालू आहे. हॉस्पिटल आता सगळं जुनं टाकून चकचकीत नवी यंत्रणा आणतंय. परवा त्या यंत्रणेची चाचणी झाली. आम्हाला ती फार आवडली, रंगीत चित्रं, मोठी बटणं. तिने कानात आवाज लावला आणि वेग कमी करून आम्हालाही ऐकवला. "बटण. बटण. बटण. चित्र. बटण." बनवणाऱ्यांनी एकाही बटणाला नाव दिलेलं नव्हतं.

यंत्रणा विकायला आलेला गृहस्थ म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी आम्ही एक मदतनीस देऊ."

"मला मदतनीस नको," ती म्हणाली. "बटणांना नावं द्या. आज एकशे बारा दात्यांना फोन लावला मी, प्रत्येकाला नावाने हाक मारली, कुणाला नुसतं 'दाता, दाता' म्हटलं नाही."

तो हसला. त्याला वाटलं विनोद आहे. ती मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "कागद घे गं. किती बटणं आहेत मोज, प्रत्येकाखाली काय लिहिलंय ते सांग. अर्ज चार पानांचा होईल."

मी मोजायला बसले. पहिल्याच पानावर सदतीस निघाली.